अकरावीतला भाऊ: कबड्डीचा सराव की खानावळीतली संध्याकाळची नोकरी?

विरारचा चाकरमानी

नमस्कार मंडळी. प्रश्न घरचा आहे, पण घरात बोलून बोलून सगळ्यांची डोकी फिरलीत, म्हणून इथे टाकतोय.

धाकटा भाऊ गावी असतो, गुहागर तालुक्यात, वेळणेश्वर-हेदवीच्या पट्ट्यात. दहावी झाली, यंदा अकरावी कॉमर्स. कॉलेजच्या 19 वर्षांखालच्या कबड्डी संघात आहे. सराव रोज साडेचार ते साडेसहा. गेल्या आठवड्यात किनाऱ्याजवळच्या एका खानावळवाल्याने वडिलांना विचारलं, पोराला संध्याकाळी पाठवा. पाच ते दहा, महिना सहा हजार, शिवाय रात्रीचं जेवण. ऑर्डर घ्यायची, ताटं लावायची, गर्दी असली तर गल्ल्यावर बसायचं. मालक वाडीतलाच, माणूस सरळ आहे.

वडिलांची रिक्षा आहे. पावसाळ्यात रिक्षाचा धंदा कसा असतो ते इथे सांगायला नको. थोडी आंब्याची कलमं आहेत, पण यंदा मोहोर आला तसा गळला. आई म्हणते नोकरी करू दे, चार पैसे येतील आणि मोबाईल घेऊन पडवीत लोळणं बंद होईल. वडील काहीच बोलत नाहीत, म्हणजे त्यांनाही नोकरीच हवी आहे. कॉलेजचे सर म्हणतात, संघातून काढू नका. भाऊ म्हणतो, दोन्ही करतो. पाच ते दहा आणि साडेचार ते साडेसहा हे दोन्ही कसं करणार, ते त्यालाच माहीत.

अनुभव असेल तर सांगा. भाषण नको.

सोलकढी

भाषण नको म्हणालात, म्हणजे इथल्या निम्म्या सभासदांची गोची केलीत.

आबा दापोलीकर

मी त्या निम्म्यांतला, तरी थोडक्यात सांगतो. नोकरी करू दे. आमच्या वेळी शाळा सुटली की बागेत आंबा उतरवायला जायचो, पेटीत पेंढा घालून फळ लावायचो, आणि त्या पैशातून वह्या यायच्या. कुणी मेलं नाही. सोळा वर्षांचा मुलगा गिऱ्हाइकाशी नीट बोलायला शिकला, हिशोब चुकला तर खिशातून भरायला शिकला, की त्याला आयुष्यभर पुरतं. कॉमर्सचा विद्यार्थी आहे ना? मग गल्ल्यावर बसणं हेच त्याचं प्रॅक्टिकल.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली रयत शिक्षण संस्था काढली ती 'कमवा आणि शिका' म्हणूनच. 'खेळा आणि शिका' म्हणून नाही.

शिट्टी

आबा, आदर ठेवून सांगतो, भाऊराव अण्णांच्या वसतिगृहातली पोरं शेतात राबायची ती संस्थेच्या वेळापत्रकात बसवून. कामासाठी कुणाचा तास बुडवला जात नव्हता. इथे मालकाचं वेळापत्रक वेगळं, कॉलेजचं वेगळं, आणि मधे पोरगा.

मी रत्नागिरी जिल्ह्यात शारीरिक शिक्षण शिकवतो. (गुहागरात नाही, उगाच शोध घेऊ नका.) दर जूनमध्ये संघातले दोन-तीन जण असेच जातात. कुणी मेडिकलच्या दुकानात, कुणी मोबाईल रिपेअरिंगला, कुणी मामाच्या होडीवर. सगळ्यांना थांबवा असं मी म्हणत नाही. काही घरांना खरंच गरज असते, आणि तिथे खेळाचं महत्त्व सांगायला जाणं म्हणजे निव्वळ चोंबडेपणा. पण निर्णय घेण्याआधी दोन गोष्टी कळायला हव्यात. पोरगा संघात नेमका कुठे आहे, आणि घरची गरज किती आहे.

बोनस रेषा

शिट्टींनी तोंडातला प्रश्न काढून घेतला. मैदानावर उतरणाऱ्या सातात आहे की नुसता बाराच्या संघात? खेळतो कुठे? चढाई की पकड?

आमच्याकडे अलिबाग-पेण-रोहा पट्ट्यात पोरगं चालायला लागलं की आधी मध्यरेषा दाखवतात, त्यामुळे मला उत्तर ठाऊकच आहे :) पण तरी.

विरारचा चाकरमानी

आत्ता फोन केला. सातात आहे. डावा कोपरा. गेल्या वर्षी दहावीत असतानाही खेळला होता, तालुका जिंकून जिल्ह्याला गेले आणि दुसऱ्या फेरीत हरले. सर म्हणतात हात चांगला आहे, घोट्याची पकड सुटत नाही. हे सर म्हणतात हं, मी मुंबईत आल्यापासून त्याचा एकही सामना पाहिलेला नाही.

घरची गरज म्हणाल तर, उपासमार नाही. छपराचं काम काढलं होतं त्याचं थोडं देणं आहे. सहा हजारांनी फरक पडेल, नाही आले तर घर बसणार नाही.

बोनस रेषा

डावा कोपरा!! अहो मग विचारता काय. चढाई करणारे गल्लोगल्ली मिळतात, प्रो कबड्डी 2014 ला सुरू झाल्यापासून तर प्रत्येकाला चढाईपटूच व्हायचंय, मांडीवर थाप मारून कॅमेऱ्याकडे बघायचंय. कोपरा सांभाळणारा मिळत नाही. चढाई कोण करतंय, उजव्या पायाचा आहे की डाव्या, बोनस (मागच्या रेषेपलीकडे पाय टाकून मिळणारा जादा गुण) घेणार की वळणार, हे सगळं कोपऱ्याला अर्ध्या क्षणात ओळखावं लागतं.

तारकर्लीचा तांडेल

मालकाच्या बाजूने कोण बोलूक नाय म्हणान मी बोलतंय. माझो होमस्टे आसा, चार खोल्ये आणि खानावळ. कॉलेजातले झील माझ्याकडे पण येतत.

आता सगळ्यांना कळेल असं लिहितो. पोरं कामाला ठेवणं म्हणजे पिळवणूक असं इथे लगेच सुरू होईल, म्हणून आधीच सांगतो. माझ्याकडे आलेला एक मुलगा पहिल्या दिवशी गिऱ्हाइकासमोर खाली बघून उभा राहायचा. पुण्याच्या बाईंनी विचारलं, सुरमई ताजी आहे का, तर म्हणाला, माहीत नाही. दुसऱ्या मोसमात तोच त्यांना सांगत होता की आज सुरमई नको, बांगडा घ्या, सकाळीच रापणीच्या जाळ्याला लागलाय. आज त्याची स्वतःची बोट आहे, पर्यटकांना किल्ल्यावर नेतो. त्याने कबड्डी खेळली असती तर काय झालं असतं ते तुम्ही सांगा.

सोलकढी

खेळला असता तर रापणीची दोरी जास्त जोरात ओढली असती.

बाय द वे तांडेल, सुरमई थाळी किती झाली आता? मागच्या मे महिन्यात एके ठिकाणी बिल बघून आम्ही नवरा-बायकोने एकच सोलकढी दोघांत प्यायलो.

तारकर्लीचा तांडेल

ये तू, तुका वाटीभर जास्त देतंय. मासो कितीक मिळता ता बघून दर, उगाच बोलू नको.

मुंबई-गोवा

सुरमईवरून वेळणेश्वरला खाल्लेली थाळी आठवली.

शिट्टी

थाळ्यांचा धागा वेगळा आहे, तिकडे जा. इथे एका पोराचं काय करायचं ते ठरतंय.

तांडेल, तुमचा मुद्दा खोटा नाही. फक्त मी कोपऱ्याचं काम जरा सविस्तर सांगतो, कारण 'सराव थोडा कमी केला तर काय बिघडतं' हे वाक्य अजून कुणी लिहिलं नसलं तरी येणार आहे. कोपरारक्षक एकटा खेळत नाही. त्याच्या शेजारच्या मध्यरक्षकाशी त्याची साखळी असते, हात धरलेले असतात. चढाईपटू बोनससाठी पाय टाकतो तेव्हा कोपऱ्याने घोटा धरायचा आणि त्याच क्षणी शेजारच्याने कंबर. एक पाव सेकंद उशीर झाला की चढाईपटू दोघांना ओढत मध्यरेषेवर पोचतो आणि दोन गुण घेऊन जातो. आता घोटा कधी धरणार हे शेजाऱ्याला कळतं कसं? बोलून नाही. हाताच्या तळव्याच्या दाबावरून. ते रोज शेजारी उभं राहिल्याशिवाय येत नाही. आठवड्यातून दोनदा येणारा कोपरा म्हणजे स्वतःबरोबर शेजाऱ्यालाही बाद करणारा कोपरा. म्हणून 'दोन्ही करतो' याला माझं उत्तर नाही असं आहे, निदान पाच ते दहाच्या हिशोबात तरी.

वाशिष्ठी

चिपळूणला वकिली करते. सगळे खेळ आणि संस्कारांवर बोलताहेत, वयावर कुणीच बोललं नाही. मुलगा सोळा वर्षांचा आहे ना?

बालकामगार कायद्यात 2016 साली दुरुस्ती झाली. 14 वर्षांखालच्यांना कामाला ठेवायची बंदी, घरच्या धंद्यातली शाळेनंतरची मदत वगळून. 14 ते 18 म्हणजे किशोरवयीन, त्यांना धोक्याचं नसलेलं काम चालतं. पण त्यांच्यासाठी वेळेचे नियम आहेत. संध्याकाळी 7 ते सकाळी 8 या वेळात त्यांच्याकडून काम करून घेता येत नाही. सलग 3 तासांपेक्षा जास्त नाही, मग तासाभराची विश्रांती, आणि सगळं धरून दिवसाला 6 तास. आठवड्याची सुट्टी. ओव्हरटाइम नाही. आणि कायद्याच्या 'आस्थापना' या व्याख्येत उपाहारगृह नाव घेऊन आलंय.

म्हणजे पाच ते दहा यातले सात ते दहा आधीच गेले. उरले दोन तास, आणि खानावळीत पाच ते सात या वेळात बटाटे सोलण्यापलीकडे काही नसतं.

आबा दापोलीकर

वाशिष्ठीताई, कायदा बरोबर असेल, पण कोकणातल्या किती खानावळींत हा तपासायला कुणी आलंय? शेजारच्या माणसाने मदतीला बोलावलं तर त्यालाही कायदा दाखवायचा?

वाशिष्ठी

आबा, शेजारी चांगला आहे म्हणूनच दाखवायचा. तपासणी झाली तर अडकणार तो, मुलगा नाही. आणि रात्री दहाला हा मुलगा घरी कसा जाणार हे मूळ पोस्टमध्ये लिहिलंच नाही. किनाऱ्यावरून वाडीपर्यंत चालत? पावसात? कुणाच्या तरी बाईकवर मागे बसून? कायदे काही हवेतून पडत नाहीत.

हेदवीची हवा

त्याच भागातली आहे. दहाला तिकडे रस्त्यावर कुत्रं नसतं. म्हणजे कुत्रीच असतात, माणूस नसतो. एसटी तर विचारूच नका, शेवटची गाडी कधीच गेलेली असते आणि आली तरी आमच्या फाट्यावर थांबेल याचा नेम नाही.

सरावाला पण हीच अडचण. साडेसहाला सुटलं की पोरांना गाडी धरायला पळावं लागतं. आमच्या वेळचे सर शेवटची दहा मिनिटं 'एसटीपर्यंत धावा' हाच व्यायाम द्यायचे.

खाकी

वरच्या धावण्यावरून माझा अनुभव. कबड्डी खेळलो, जिल्ह्यापर्यंत. लोकांना वाटतं खेळाडू म्हणून सरकारी नोकरी लागली. तसं काही झालं नाही. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे हे खरं, पण जिल्ह्याला खेळलो एवढ्यावर तिथे कुणी विचारत नाही. वरच्या पातळीवरचं पदक लागतं, आणि प्रमाणपत्राची क्रीडा खात्याकडून पडताळणी होते. बोगस प्रमाणपत्रं इतकी निघाली की आता ते फार बारकाईने बघतात.

मला उपयोग झाला तो वेगळाच. पोलीस भरतीत मैदानी चाचणी 50 गुणांची, 1600 मीटर, 100 मीटर आणि गोळाफेक. अकादमीत हजारो रुपये भरून आलेली पोरं 1600 ला धापा टाकत होती आणि माझे पाय आपोआप चालले होते. ते सहा वर्षं चिखलात लोळल्याचं फळ.

दुसरीकडे हेही सांगतो, माझ्या संघातला सगळ्यात भारी चढाईपटू आज एका कंपनीत कंत्राटी आहे. गुडघा गेला. त्याला तेव्हा कुणी चांगला डॉक्टर दाखवला नाही, हळद लावून बांधून खेळवला. त्यामुळे खेळाचं नुसतं गोड गोड सांगणाऱ्यांपासूनही सावध.

शिट्टी

खाकींचं पूर्ण खरं आहे. आणि वाढीव गुणांबद्दल विचारतील म्हणून सांगतो. दहावी-बारावीला क्रीडा गुण मिळतात, स्पर्धा जितकी वरची तितके जास्त, कमाल 25, तेही आंतरराष्ट्रीयला. प्रस्ताव शाळेमार्फत जिल्हा क्रीडा अधिकाऱ्याकडे वेळेत जावा लागतो. त्या चार-पाच गुणांसाठी रोज दोन तास मातीत जाणं हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे, तेवढ्यासाठी खेळवू नका. कोकण बोर्डाचा निकाल तसाही राज्यात वरच असतो, पोरं गुण काढतातच.

आणि रत्नागिरीच्या संघाला वर जाणं किती कठीण आहे तेही सांगायला हवं. जिल्हा जिंकला की विभाग, आणि आमचा विभाग कोल्हापूर. म्हणजे समोर कोल्हापूर, सांगली, सातारा. त्यातून राज्य.

बोनस रेषा

म्हणजे आमटी-भातावर वाढलेली पोरं तांबड्या-पांढऱ्यासमोर :D

आम्ही रायगडवाले मुंबई विभागात, तिकडे वेगळीच मारामारी.

काजूबी

बराच वेळ वाचतेय. एक गोष्ट खटकली ती बोलते. सावंतवाडीकडची आहे. मी शाळेत खो-खो खेळायचे. पळतीला बरी होते, तीन जणींच्या तुकडीत पहिली उतरवायचे मला. आठवीपर्यंत खेळले. नववीत आई काजूच्या कारखान्यात जायला लागली आणि मी घरी स्वयंपाक, धाकट्या भावाचं आवरणं. सुट्टीत मी पण कारखान्यात. काजू फोडताना टरफलाचं तेल बोटांना लागतं, कातडी सोलून निघते. राख लावून बसायचं, तरी चिरा पडायच्या. वहीवर पेन धरलं की ठणकायचं.

माझ्यासाठी असा धागा कुणी काढला नाही. नोकरी की खेळ असा प्रश्नच नव्हता. मुलीचा खेळ बंद झाला हे घरात कुणाच्या लक्षातही आलं नाही, बाई विचारायला आल्या तेव्हा आई म्हणाली, आता मोठी झाली ना ती.

2025 च्या जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला वर्ल्ड कप झाला, पुरुष आणि महिला दोन्ही आपण जिंकलो, आणि दोन्ही कर्णधार महाराष्ट्रातले. प्रियांका इंगळेच्या हातात कप बघितला तेव्हा मी टीव्हीसमोर कांदा चिरत होते. मी तिथे असते असं नाही म्हणत, माझी पळती तेवढी नव्हती. पण किती होती ते मला कधी कळलंच नाही.

तुमच्या भावाला निवडता येतंय. आधी त्याला काय हवं ते नीट विचारा. आई, वडील, सर, मालक सगळ्यांचं लिहिलंत, त्याचं एवढंच, की 'दोन्ही करतो'. का करतो? पैसे कशाला हवेत त्याला?

हेदवीची हवा

ताई, __/\__

आबा दापोलीकर

काजूबी, तुमचं वाचून काही लिहावंसं वाटत नव्हतं. तरी माझं मत बदललेलं नाही. पण भावाला विचारा हे मान्य.

विरारचा चाकरमानी

काजूबी, तुमची पोस्ट लोकलमध्ये वाचली आणि उतरल्यावर प्लॅटफॉर्मवरूनच फोन लावला.

आधी 'असंच' म्हणाला. मग 'आईला बरं वाटेल' म्हणाला. मग खरं निघालं. जिल्ह्याचे सामने मॅटवर होते. ही पोरं वर्षभर मातीत, अनवाणी. मॅटवर बूट नसतील तर पाय सरकतो, आणि कॉलेजकडे संघाला द्यायला बूट नाहीत. गेल्या वर्षी दुसऱ्या फेरीत हा ज्या चढाईत बाद झाला त्यात घोटा हातात होता, स्वतःचा पायच सटकला. त्याला मॅटचे बूट हवेत. आणि उजव्या कोपऱ्यालाही, कारण त्याच्या घरी तर याहून वाईट परिस्थिती आहे. ते घ्यायला नोकरी, आणि नोकरी केली की सराव बुडणार, हे त्याला कळतंय. म्हणून गप्प होता.

मला सांगितलं असतंस तर मी पाठवले असते म्हटलं. म्हणाला, तू आधीच छपराचे पाठवतोयस.

सोलकढी

बुटांचं बघू. इथे शंभर जण वाचताहेत.

विरारचा चाकरमानी

नको हो, मनापासून आभार. त्याच्या बुटांचे मी पाठवतो, तेवढं जमतं. वर्गणी काढली आणि त्याला कळलं तर तो बूट घालणारच नाही, ओळखतो मी त्याला.

तारकर्लीचा तांडेल

आता एक प्रश्न मालक म्हणून विचारतो. आत्ता जुलै. पावसात वेळणेश्वरला गिऱ्हाईक किती? आमच्याकडे स्कूबा बंद, बोटी वर काढलेल्या, शनिवार-रविवारी चार गाड्या येतात भिजायला. सोमवार ते शुक्रवार मी गडग्यावर बसून पावसाकडे बघतो. तुमच्या मालकाला आत्ता रोज पाच तास पोरगा कशाला हवा?

आमचा धंदा खरा दिवाळीच्या सुट्टीपासून. मग नाताळ, मग मे. गणपतीत चाकरमानी येतात पण ते खानावळीत कशाला जेवतील, घरी मोदक असतात. आणि शाळेच्या स्पर्धा असतात कधी? मास्तर, सांगा.

शिट्टी

तालुका साधारण ऑगस्टपासून, मग जिल्हा, विभाग. संघ बाहेर पडला तर दिवाळीच्या आधीच मोकळा. राज्यापर्यंत गेला तर पुढे लांबतं, पण तेव्हा तुम्हीच त्याचा फोटो खानावळीत लावाल.

तांडेल, हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं. दोन्ही हंगाम एकमेकांच्या पाठीला पाठ लावून आहेत.

तारकर्लीचा तांडेल

हां. पण एक आसा. दिवाळीपर्यंत थांबा म्हटलं तर मालक थांबेलच असं नाही. आजकाल नेपाळी मुलं येतात, राहून काम करतात, रात्री बारापर्यंत. बागांत तेच, हॉटेलांत तेच. मालकाने आत्ता विचारलं याचा अर्थ त्याचा जुना माणूस गेलाय आणि त्याला नवीन शिकवून ठेवायचाय. त्याच्याशी बोला. शनिवार-रविवार दुपारचं मागा. दुपारची पंगत हीच खरी शिकायची जागा, रात्री सगळे पिऊन... म्हणजे दमून आलेले असतात.

वाशिष्ठी

शनिवार-रविवार दुपार कायद्यातही बसते, मधे विश्रांती दिली की. आणि पैसे त्याच्या स्वतःच्या बँक खात्यात जमा करायला सांगा. दहा वर्षांवरच्या मुलाला स्वतः चालवायचं खातं उघडता येतं.

आबा दापोलीकर

म्हणजे शेवटी नोकरीच. मी पहिल्या दिवसापासून तेच म्हणतोय.

सोलकढी

आबा, तुम्ही सुपर टॅकल केलात. तिघंच उरले असताना चढाईवाल्याची पकड.

खाकी

आठवडाभर सराव, शनिवार-रविवार काम, मग अभ्यास कधी? कॉमर्सला अकरावी सोपी जाते आणि बारावीत अकाउंट्स मानगुटीवर बसतं. हे पण कुणीतरी बोला.

हेदवीची हवा

पडवीत मोबाईल घेऊन लोळायचा तो वेळ आहे की. आईने सांगितलंय ना वर.

विरारचा चाकरमानी

मंडळी, उशीर झाला कळवायला. रविवारी गावी जाऊन आलो, रात्रीच्या गाडीने गेलो आणि रात्रीच्या गाडीने परत.

मालकाशी बोललो. कायद्याचं सांगितलं तेव्हा आधी हसले, मग म्हणाले रात्रीचं मलाही बरं वाटत नव्हतं, पण तुझ्या बाबांना पैसे हवे असतील म्हणून मी पाच ते दहा म्हटलं. शनिवार-रविवार अकरा ते चार ठरलं. महिन्याला दोन हजार. दिवाळीच्या सुट्टीत रोज, त्याचे वेगळे. संघ पुढे गेला तर तेव्हाचं तेव्हा बघू म्हणाले. रोजच्या कामाला त्यांनी दुसरा माणूस बघायला घेतलाय, म्हणजे मे महिन्यात याची जागा राहील की नाही सांगता येत नाही.

आई खूश नाही. सहाचे दोन झाले, आणि शिवाय मी बुटांचे पैसे घातले, म्हणजे तिच्या हिशोबाने तोटाच. वडील पहिल्यांदा बोलले. म्हणाले, जिल्ह्याचा सामना कुठे असतो? डेरवणला असेल तर रिक्षा घेऊन येतो. आई म्हणाली, डिझेल कोण घालणार.

सराव पण बघितला. पाऊस होता, मैदान नाही, शेतच झालं होतं. शिट्टींनी लिहिलं होतं ते तळव्याच्या दाबाचं, ते बघत होतो. काही कळलं नाही. पण चढाईवाला पडला.

बोनस रेषा

पडला म्हणजे झालं. जिल्ह्याचा निकाल इथेच टाका.

शिट्टी

चांगलं झालं. आता एक शेवटचं, महत्त्वाचं. शालेय कबड्डीत वजनाची अट असते. स्पर्धेच्या आधी वजन करतात आणि थोडं जरी जास्त भरलं तरी बाहेर. त्याचं आत्ता वजन किती आहे? गटाच्या मर्यादेच्या जवळ असेल तर सरांना विचारून आत्तापासूनच लक्ष ठेवा.

सोलकढी

आणि दुपारचं जेवण खानावळीत. शनिवार-रविवार. तळलेल्या सुरमईसकट.

तारकर्लीचा तांडेल

कामाक ठेवलेल्या झिलाक सुरमई कोण घालता रे? बांगडो मिळतलो.

विरारचा चाकरमानी

वजन विचारलंय त्याला. सकाळपासून मेसेज वाचलेला दिसतोय, उत्तर नाही. आत्ता नुसता अंगठा आला.